भरल्याशिवाय हलायचं नाही

"चला कऱ्हाड, कऱ्हाड! दोनच शीट राहिल्यात! बसला की सुटलीच गाडी!"

पाटणच्या स्टँडबाहेर माझे सासरे घसा ताणून ओरडत होते आणि मी जीपमध्ये कपाळाला हात लावून बसले होते. दोनच सीट राहिल्यात हे धडधडीत खोटं होतं. अख्ख्या गाडीत मी एकटी होते, आणि मी काही पॅसेंजर नव्हते. शिवाय जीप कराडलाही चालली नव्हती. ती चालली होती कराडच्या पुढं, हायवेला, सरकारमान्य भंगार केंद्रात. मोडायला.

"मामा," मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, "अहो, मोडायला चाललेल्या गाडीत पॅसेंजर कशाला?"

"मग रिकामी न्हिऊ?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांना विनाधोतराचं चला म्हणाले. "आनंदा पानस्करची गाडी ह्या स्टँडवरनं रिकामी गेली, असं म्हंतील लोक. भरल्याबिगार हलायचं न्हाई."

"आज शेवटची तारीख आहे."

"तुला शब्द दिलाय न्हवं? जाणार म्हंजे जाणार. पर माझ्या पद्धतीनं."

हीच ती गोम. भंगाराच्या कागदांवर सही करताना त्यांनी अट घातली होती, "गाडी मी सवता न्हेणार, आन् माझ्या पद्धतीनं." मी आनंदाच्या भरात हो म्हणाले. पद्धत म्हणजे काय, एवढं विचारायचं मला सुचलं नाही. उभं आयुष्य वडाप, म्हणजे खासगी जीपनं पॅसेंजर वाहायचं काम, केलेल्या माणसाची पद्धत दुसरी कसली असणार? सगळ्या सीटा भरेपर्यंत जागचं हलायचं नाही, आणि रस्त्यात हात केला त्याला सोडायचं नाही.

आता थोडं मागचं सांगते, म्हणजे माझा जीव कशात अडकला होता ते कळेल.

आमचे हे चाकणला कंपनीत, पंधरवड्यानं घरी येणार. मी घरी सासू, सासरे आणि दोन म्हशी धरून. पाटणच्या मुलींच्या शाळेत क्षीरसागर मॅडम मोठ्या बाई होत्या. त्यांना वाड्यावस्त्यांवरच्या पोरींसाठी गाडी पाहिजे होती, आणि ती चालवायला बाईच पाहिजे होती. पोरींच्या आईबापांनीच तशी मागणी केली होती. मी कराडला क्लास लावून लायसन काढलेलं, पॅसेंजर गाडीचा बॅजबिल्लाही झालेला. मॅडम म्हणाल्या, "सारिका, जूनमध्ये गाडी दारात उभी कर, काम तुझं." नवी गाडी घ्यायची आमची ऐपत नव्हती. पण तेव्हा सरकारनं एक योजना काढली होती. धूर ओकणारी, डिझेल पिणारी जुनी गाडी भंगार केंद्रात द्यायची, त्यांचा दाखला घ्यायचा, की नव्या गाडीच्या करात सूट. शोरूमवालाही त्या दाखल्यावर वर काहीतरी सोडणार होता. एवढं झालं की कर्ज आमच्या आवाक्यात बसत होतं. पण सगळं मार्चअखेरच्या आत.

आणि आमच्याकडं जुनी गाडी म्हणाल तर होतीच. अशी की चालू केली की गल्लीतली कोंबडी खुराड्यात जायची.

सही मिळाली, पण खरा प्रश्न राहिलाच होता. नवी गाडी चालवणार कोण? मामंजींनी मला जीपच्या स्टेअरिंगला कधी बोट लावू दिलं नव्हतं. लायसन आणून दाखवलं तर म्हणाले, "झ्याक फोटू आलाय." नव्या गाडीचं विचारलं की म्हणायचे, "आणू की. चालवायचं मग बघू." ह्या 'मग बघू'नं माझी झोप उडवली होती. गाडी त्यांच्या नावावर होणार. ते अडून बसले तर मॅडमना काय तोंड दाखवू? आणि त्यांना दुखवून, ओरडून, भांडून ते स्टेअरिंग घ्यावं असंही मला वाटत नव्हतं. माणूस वाईट नव्हता हो. फक्त ड्रायव्हर म्हणजे आपणच, बाकी सगळे पॅसेंजर, अशी त्यांची समजूत होती.

तर स्टँडवर ऊन चढत होतं आणि गाडी भरत नव्हती. भरणार कशी? दारोदार मोटरसायकली झालेल्या. वडापला आता म्हातारी माणसं आणि बोचकी एवढंच गिऱ्हाईक. मी शेवटी म्हणाले, "रिकाम्या सीटांचे पैसे मी देते, चला."

मामंजींचा चेहरा उतरला. "शीट म्हंजे पैसं न्हवं गं. शीट म्हंजे माणूस." असं म्हणून ते पुन्हा ओरडायला गेले. मला आपलीच लाज वाटली आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की माणूस गप्प बसतं, तशी बसले.

अखेर शेवंतामावशी आल्या. शेवग्याच्या शेंगांचा भारा घेऊन कराडच्या बाजाराला निघालेल्या, तोंडाचा पट्टा सुरू. मागोमाग पतंगराव नावाचे एक इस्त्रीच्या कपड्यातले गृहस्थ आणि त्यांचा भाचा सुजित. भाच्याच्या अंगात कोरा आकाशी शर्ट, खिशाला पेन, मानेला पावडर. बघताच कळलं, पोरगी बघायला चाललेत.

"घाटगे सरांची थोरली," पतंगरावांनी न विचारता सांगितलं. "कऱ्हाडात चारला बोलावलंय. पोचवाल ना?"

"चारला चहा पीत असाल," मामंजी म्हणाले.

आणखी दोघं आले ते नवारस्त्याला उतरणारे. तेवढ्यावर मामंजींचं समाधान झालं. पण निघताना कराडच्या हॉस्टेलवरच्या पोराचा डबा घेऊन कुणाची तरी आई धावत आली. तो डबा मामंजींनी स्टेअरिंगशेजारी नीट मांडला, दोरीनं बांधला, आणि मग आमची वरात हलली.

मी पुढं बसले होते. मोबाईलवर सारखी वेळ बघत होते. केंद्राचं गेट संध्याकाळी बंद होणार, आणि तिथला साहेब फोनवर म्हणाला होता, "आज आली नाही तर पुढच्या वर्षीच्या हिशेबात जाईल ताई, मग सूट मिळेल का ते मला सांगता येणार नाही."

नवारस्त्याला ते दोघं उतरले, मल्हारपेठ गेली आणि मामंजींनी गाडी एकदम डावीकडं घातली.

"मामा! हा रस्ता कुठं?"

"आतला हाय. जुना."

"हायवेनं जाऊ की!"

"हायवेला कोण हात करतं? हिकडनं वस्त्या लागत्यात." ते इतक्या शांतपणे म्हणाले की माझा संताप संताप झाला. त्या आतल्या रस्त्याला नुसते खड्डे. आणि हात करणारी माणसं तरी कुठली? एका ठिकाणी एक आजोबा नुसते मिशी खाजवत होते, तर मामंजींनी ब्रेक मारला. "कुटं जायाचं?" आजोबा म्हणाले, "कुटं न्हाई बा. उबा हाय." मामंजी तरीही थोडा वेळ थांबले, न जाणो विचार बदलला तर. मग एका टपरीपुढं थांबले. टपरीवाल्यानं न सांगता चहाचा कप खिडकीत आणून दिला. पुढं एका शाळेपुढं हॉर्न वाजवला, तर वर्गातून मास्तरांनी हात हलवला. एका घरापुढं हळू केली, तर ओसरीवरची म्हातारी उठून उभी राहिली. मी मनात म्हणत होते, आज सगळ्या जगाला रामराम घालायची हीच वेळ सापडली का ह्यांना?

"आंदातात्या," मागून शेवंतामावशींनी विचारलं, "परतीला कवा निघणार? मला अंधार पडायच्या आत जायाचंय."

मामंजींनी गिअर बदलला, पुढं बघत राहिले.

"अवो, परतीला कवा?"

मला राहवलं नाही. "मावशी, परतीला गाडी नाही. जीप आज भंगारात चाललीय."

मग जो काही गलका उठला!

"भंगारात?" पतंगरावांचा आवाज चिरकला. "म्हणजे मोडायला? अहो, सोयरीक जमवायला निघालोय आम्ही, आणि मोडायला निघालेल्या गाडीत बसवलंत? थांबवा! सुजित, उतर!"

"ह्या गाडीत बसून गेलेल्या एकाचंबी लगीन मोडलेलं न्हाई," मामंजी म्हणाले. गाडी काही थांबवली नाही.

"आम्हाला उतरू द्या आधी!"

"उतरा की. हितनं दुसरी गाडी सकाळच्याला."

पतंगरावांनी बाहेर बघितलं. दोन्ही बाजूंनी ऊस आणि मध्ये आम्ही. ते बसले, पण तोंडानं देवाचं नाव सुरू केलं. शेवंतामावशी मात्र हुंदका देऊन म्हणाल्या, "अगं बाई, मोडणार हिला? माझी थोरली ह्याच गाडीत झाली की! दवाखान्यापतूर पोचलोच न्हाई. ह्याच शिटावर, ह्या खिडकीकडंला!"

सुजित त्याच खिडकीकडं बसला होता. तो उठला, शर्टाची मागची बाजू झटकली आणि पतंगरावांच्या मांडीवर जवळजवळ जाऊन बसला.

"धुतलीया रं नंतर," मामंजी पुढून म्हणाले.

त्यावर मी हसले. हसायचं नव्हतं, पण हसले. आणि मी हसत असतानाच गाडीनं एक आचका दिला, दुसरा दिला, दोनदा खोकली आणि उसाच्या कडेला निवांत उभी राहिली.

मामंजींनी चावी फिरवली. पुन्हा फिरवली. मग हात मांडीवर ठेवून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर आजवर पाहिलं नव्हतं. शरम.

"काय झालं मामा?"

"डिझेल," ते पुटपुटले.

"डिझेल काय?"

"संपलं."

"संपलं? काल तुम्हीच भरायला गेला होता ना?"

"बेतानंच टाकलं." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मोडायलाच चाललीया, तर टाकी भरून त्यांच्या घशात फुकटचं डिझेल का घालायचं? कऱ्हाडपतूर सरळ रस्त्यानं पुरंल एवढंच टाकलं."

"आणि सरळ रस्त्यानं कोण आलं नाही?"

मी कपाळ बडवून घेतलं. माझ्या डोळ्यांपुढं गेट बंद होताना दिसत होतं, मॅडम दिसत होत्या, जून महिना दिसत होता. मला इतकं रडायला आलं की मी खाली उतरून उसाकडं तोंड करून उभी राहिले. पाठीमागं जीपचं दार उघडल्याचा आवाज आला. पतंगराव उतरले असतील, आता तेही शिव्या देतील, असं वाटलं. तर ते म्हणाले, "ताई, तुमचं नक्की काय अडलंय ते एकदा नीट सांगा बरं."

मी सगळं सांगितलं. शाळा, पोरी, गाडी, आजची तारीख. मामंजी ऐकत होते का नव्हते, कळलं नाही. ते बॉनेट उघडून आत तोंड घालून होते.

शेवंतामावशींनी पदर खोचला. "बाजार काय उद्याबी भरतोय. आधी हिचं काम. ए नवरदेवा, पंप कुटं हाय बघ."

"मी?" सुजित म्हणाला.

"मग मी जाऊ? पायात बूट तुज्या."

सुजितनं मामाकडं बघितलं. पतंगरावांनी एकदा घड्याळ, एकदा माझ्याकडं, एकदा त्या खटाऱ्याकडं बघितलं. "जा. पोरगी काय पळून जात नाही. मी सरांना फोन करतो, गाडी बिघडली म्हणून. खोटं थोडंच आहे?"

ऊस तोडणाऱ्यांकडून मोटरसायकल घेऊन सुजित गेला आणि डिझेलचा कॅन घेऊन आला. टाकीत ओतताना कॅन निसटला, आणि कोऱ्या आकाशी शर्टावर गळ्यापासून पोटापर्यंत एक काळपट नकाशा उमटला. पण डिझेल घालून भागत नव्हतं. एकदा टाकी कोरडी झाली की नळीत हवा शिरते, ती काढावी लागते. मामंजी खाली वाकून हातपंप मारत होते, घामानं निथळत होते, आणि पतंगराव इस्त्रीच्या बाह्या दुमडून नट ढिला करून सांगत होते, "बुडबुडे येतायत, तात्या, अजून येतायत, मारा, मारा!" मग आम्ही सगळ्यांनी मिळून ढकलली. शेवंतामावशी ढकलताना जीपशीच बोलत होत्या, "चल माजे बाई, चल, एवढ्या डाव चल." आणि ती चालली. धुराचा एक लोट सोडून चालली. सगळे इतके जोरात ओरडले की उसातून बगळे उडाले.

मामंजींनी मग मात्र एक्सलेटर दाबला. कराडात कुणालाच उतरायचं नव्हतं. "ह्यांना सोडतो आन् मग जातो," असं ते म्हणताच मागून तिघांचा आवाज आला, "आधी गेट!"

गेट उघडं होतं. आत एक तरुण साहेब, डोक्याला पिवळी टोपी, हातात टॅब, निघायच्या तयारीत. आम्हाला बघून त्याचे डोळे मोठे झाले. गाडीतून आधी शेंगांचा भारा उतरला, मग शेवंतामावशी, मग डिझेलनं माखलेला नवरदेव, मग हात काळे झालेले पतंगराव.

"एवढी माणसं कशाला?" त्यानं विचारलं.

"पोचवायला आलोय," शेवंतामावशी म्हणाल्या.

त्यानं कागद बघितले, नंबर बघितला, मामंजींच्या सह्या घेतल्या. सगळं बरोबर निघालं. मग आतल्या शेडकडं बोट करून म्हणाला, "गाडी त्या पिवळ्या पट्ट्यात लावा काका. चालू स्थितीत आत आली अशी नोंद करतो, की तुमचा दाखला. लवकर करा, मला बंद करायचंय."

मामंजी स्टेअरिंगवर बसले. इंजिन चालू होतं. शेड समोर होती, मध्ये रिकामं आवार. आम्ही सगळे बाजूला उभे राहून बघत होतो.

गाडी हलली नाही.

"काका, घ्या आत," साहेब म्हणाला.

मामंजींचा हात गिअरवर होता. शेडमध्ये ओळीनं मोडलेल्या गाड्या पडल्या होत्या. कुणाचं दार नव्हतं, कुणाचं तोंडच नव्हतं. मामंजी त्यांच्याकडं बघत होते. दिवसभर हा माणूस मला का छळत होता, ते मला तेव्हा कुठं समजलं. भरल्याशिवाय हलायचं नव्हतं, आतला रस्ता, टपरी, शाळा, ओसरीवरची म्हातारी. त्यांना ती पोचवायचीच नव्हती. माझ्यासाठी पोचवायला निघाले होते, आणि पोचवायचीही नव्हती. माझा सगळा राग पाण्यासारखा उतरला.

"मामा," मी जवळ जाऊन म्हणाले, "नाही जमत तर राहू दे. घरी जाऊ आपण. मी मॅडमना सांगते."

हे मी खरंच मनापासून म्हणाले. आजही माझा माझ्यावर विश्वास बसत नाही.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले होते, लपवले नाहीत. मग दार उघडून खाली उतरले.

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं," ते म्हणाले. "बस तू. तू घाल."

"मी?"

"मग काय ह्या टोपीवाल्याला देऊ?"

मी चढले. सीट इतकी मागं होती की पाय पोचेनात. शेवंतामावशींनी शेंगांच्या भाऱ्यावरचं पोतं गुंडाळून माझ्या पाठीमागं घातलं. क्लासच्या गाडीत सगळं मऊ होतं. ही म्हणजे लोखंडाची म्हैस. मी गिअर टाकला, पाय सोडला, आणि जीप बेडकासारखी उडी मारून पुढं गेली.

"क्लच! अगं क्लच!" मामंजी गाडीबरोबर पळायला लागले. "हळू सोड! दमानं! पिलेट जळंल!"

"काका," साहेब मागून ओरडला, "परवा ती गाडी दाबून चपटी होणार आहे! क्लचप्लेटचं काय घेऊन बसलात?"

"परवाचं परवा!" मामंजी पळता पळता ओरडले. "आज गाडी चालू हाय! चालू गाडीची पिलेट जाळायची व्हय?"

मी गाडी पट्ट्यात नेली. नेली म्हणजे अर्धी पट्ट्यात, अर्धी बाहेर, एका बिचाऱ्या मोडक्या टेम्पोला हळूच चाटून. इंजिन बंद करणार, एवढ्यात मामंजी खिडकीशी आले. धाप लागली होती.

"ही काय लावायची पद्धत हाय? काढ बाहीर."

"अहो मामा..."

"काढ म्हंतो न्हवं? रिव्हर्स टाक. मागं बघ. आरशात न्हाई, मान वळवून बघ. आता अर्धा क्लच. अर्धा म्हंजे किती? पायाला कळतंय बघ, गाडी थरथरती. हां. तिथं धर."

साहेबानं टॅब काखेत मारला आणि एका टायरवर बसून घेतलं. पतंगरावांनी त्याला तंबाखू विचारली. मी गाडी बाहेर काढली, आत घातली, पुन्हा बाहेर काढली. प्रत्येक वेळी मामंजी खिडकीला धरून बरोबर चालत होते, शिकवत होते, चिडत होते. "स्टेरिंग आवळून धरू नगंस, ती काय पळून जात न्हाई!" सूर्य शेडच्या मागं गेला. तिसऱ्यांदा मी ती अशी लावली की चारही चाकं पट्ट्याच्या आत, टेम्पोला न शिवता.

मामंजींनी चारी बाजूंनी फिरून बघितलं.

"हां," म्हणाले. बस्स, एवढंच.

मग मी चावी फिरवली आणि ती बंद झाली. मामंजींनी बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होतं. "लई झालं बाई तुजं," असं काहीसं म्हणाले, डबा सोडून घेतला आणि मागं न बघता गेटकडं चालायला लागले.

दाखला हातात मिळाला. शेवंतामावशी, पतंगराव आणि सुजित रिक्षा करून शहरात गेले. सुजित त्याच शर्टात पोरगी बघायला गेला. पुढं कळलं, पोरीनं त्याच शर्टामुळं होकार दिला. आजवर बघायला आलेल्यांत हाताला काळं लागलेला हा पहिलाच, म्हणे.

आम्ही हॉस्टेलवर डबा दिला आणि एसटी स्टँडवर गेलो. आता वडापवाल्यानं एसटीत बसणं म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणालाही विचारा. एसटी त्यांची जन्माची वैरीण. तिच्या पुढं अर्धा मिनिट निघून तिचं गिऱ्हाईक पळवायचं, ह्यावर मामंजींचं घर चाललं होतं. माझ्या आठवणीत ते कधीच एसटीत बसले नव्हते. पायरीपाशी जरा घुटमळले, इकडंतिकडं बघितलं, आणि दंडवत घालावा तसे वाकून आत शिरले.

कंडक्टरनं लगेच ओळखलं. "अरे वा! आनंदातात्या! आज आमच्यात?"

"दोन पाटण," मामंजी कडक आवाजात म्हणाले.

"दोन्ही अर्धीच. तुमचं वयामुळं, आणि बाईमाणसाला सवलत आहे."

"माझं अर्धं द्या. हिचं पुरं फाडा."

"का हो तात्या? सरकारच देतंय की."

"ती डायव्हर हाय," मामंजी म्हणाले.

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "कुठल्या गाडीवर?"

"पोरींच्या शाळेच्या. जूनपासनं."

सरळ समोर बघत म्हणाले, माझ्याकडं वळलेसुद्धा नाहीत. कंडक्टरनं हसून मला अर्धंच तिकीट फाडलं आणि पुढं गेला. माझ्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मी ओढणीनं पुसत होते तरी थांबेना. आज माझ्या दोन गाड्या शाळेला जातात, तीन बायका माझ्याकडं शिकून तयार झाल्यात, पण तेवढी मी पुन्हा कधी रडले नाही.

गाडी हायवेला लागली. मामंजींनी मला कोपरानं ढोसलं.

"रडतीस काय? डोळं पूस, पुढं बघ. निसऱ्याचं वळाण येतंय, त्यो डायव्हर कसं घेतोय ध्यानात ठेव. आन् कुटं चुकतोय, ते मी सांगतो."